पुसलेल्या नोंदींची पुनर्प्राप्ती : दफ्तर ते क्लाउड साठवणूक (खालापूर–कर्जत परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

गोषवारा :

क्लाउड खात्यातून पुसली गेलेली फाइल परत मिळेल काय, हा प्रश्न आज महाविद्यालयाच्या प्रत्येक विभागात केव्हा ना केव्हा विचारला जातो. तो संगणकतज्ज्ञाने सोडवावयाचा तांत्रिक प्रश्न मानला जातो. वस्तुतः नोंदी नष्ट होणे आणि त्या परत मिळविणे यास महाराष्ट्रात तीन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. रायगडाचे दफ्तर, तुकोबांची गाथा, मेणवली दफ्तर व मंत्रालयातील आग या चार उदाहरणांच्या आधारे क्लाउड साठवणुकीतील पुनर्प्राप्तीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. नोंद परत मिळणे हे ती पुसली जाण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीज संज्ञा : दफ्तर, प्रत, पुनर्प्राप्ती, क्लाउड साठवणूक, अभिलेख, शिळफाटा.

१. प्रस्तावना :

शिळफाटा हे खोपोली शहरातील, बोरघाटाच्या पायथ्याचे ठिकाण. जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि पेणकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. दोन मोठ्या शहरांच्या मध्ये असलेल्या या परिसरातून माणसे आणि माल जसा गेला, तसे कागदही गेले. परिणामी खालापूर व कर्जत तालुक्यांच्या इतिहासाची साधने मोठ्या प्रमाणावर या तालुक्यांबाहेर आहेत. पेशवाईतील कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, इंग्रजी अमदानीतील कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि महसुली कागद जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे.

त्यातही आणखी एक अडचण आहे. हा भाग एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ ठाणे जिल्ह्यात मोडत असे, पुढे तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणून १८८२ च्या सुमारास सिद्ध झालेल्या गॅझेटियरमध्ये कर्जतची माहिती शोधणाऱ्या अभ्यासकाने कुलाब्याचा खंड उघडला तर ती हाती लागत नाही; ती ठाण्याच्या खंडात आहे. नोंद नष्ट झालेली नसते, तिची जागा बदललेली असते. क्लाउड खात्यातील 'हरवलेल्या' फायलींविषयीही हा अनुभव वारंवार येतो.

आपले कागद दूर कोठे तरी, दुसऱ्याच्या व्यवस्थेत आणि दुसऱ्याच्या नियमांनुसार सांभाळले जाणे ही या परिसरास नवी गोष्ट नाही. क्लाउड साठवणुकीने या जुन्याच परिस्थितीस नवे रूप दिले आहे. म्हणून या विषयाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणे युक्त ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

(१) महाराष्ट्रातील नोंदींचा नाश व पुनर्प्राप्ती यांच्या निवडक उदाहरणांचा आढावा घेणे. (२) क्लाउड साठवणुकीत 'पुसणे' या क्रियेचा नेमका अर्थ स्पष्ट करणे. (३) या दोहोंच्या तुलनेतून ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांच्या अभिलेखांविषयी काही निष्कर्ष काढणे.

प्रस्तुत लेखन दुय्यम साधनांवर आधारलेले असून त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. एकच प्रत, एकच जागा – रायगडाचे दफ्तर :

१६८९ मध्ये झुल्फिकारखानाने रायगड जिंकला. त्या धामधुमीत राजधानीचे दफ्तर नष्ट झाले, असे इतिहासकार मानतात. शिवकालीन राज्यकारभाराचे मूळ कागद आज अल्प प्रमाणात उपलब्ध आहेत, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

तरीही शिवकालाचा इतिहास लिहिला गेला, तो कसा? प्रथम स्मृतीच्या आधारे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे बखर लिहिली, ती राजधानी हातची गेल्यानंतर. दुसरे म्हणजे गडावरून बाहेर गेलेल्या कागदांच्या आधारे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, मठ व देवस्थाने यांना दिलेली पत्रे ज्याच्या त्याच्या घरी राहिली होती. तिसरे म्हणजे परक्यांच्या नोंदींच्या आधारे. इंग्रज, डच व पोर्तुगीज यांनी आपापल्या वरिष्ठांस पाठविलेली पत्रे त्यांच्या दफ्तरांत सुरक्षित होती.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध केले. त्यांनी गावोगावी हिंडून जुन्या घराण्यांची दफ्तरे तपासली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हेच कार्य संस्थेच्या पातळीवर पुढे नेले. या सर्वांनी केलेले काम आजच्या भाषेत विखुरलेल्या प्रतींवरून केलेली पुनर्प्राप्ती असेच म्हणावे लागेल. परंतु तिला मर्यादा होती. जे कागद गडाबाहेर गेलेच नाहीत, म्हणजे अंतर्गत हिशेब, टिपणे व मसुदे, ते परत मिळाले नाहीत. पाठविलेले पत्र दोन ठिकाणी राहते, टिपण मात्र एकाच ठिकाणी राहते, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

४. अनेक हातांतील प्रती – तुकोबांची गाथा :

तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, ही वारकरी परंपरेतील कथा सर्वश्रुत आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या ठिकाणी ठेवून अभिलेखांच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अभंग एकाच वहीत राहिले नव्हते. संताजी जगनाडे यांच्यासारख्या अनुयायांनी ते लिहून घेतले, टाळकऱ्यांनी पाठ केले आणि फडांतून त्यांच्या नकला झाल्या.

मुंबई सरकारच्या साहाय्याने 'इंदुप्रकाश' छापखान्यातून निघालेली आणि १८७३ मध्ये पूर्ण झालेली गाथेची आवृत्ती याच आधारावर उभी राहिली. संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवून पाठ निश्चित केले. प्रती अनेक असल्यामुळे गाथा टिकली. तथापि प्रती अनेक असल्यामुळेच पाठभेद व प्रक्षेप यांचाही प्रश्न निर्माण झाला. कोणता पाठ मूळचा आणि कोणता अभंग नंतर घुसलेला, हा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालला. पुनर्प्राप्ती झाली म्हणजे मूळ वस्तू जशीच्या तशी हाती आली, असे मानता येत नाही. परत मिळालेल्या नोंदीची विश्वसनीयता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

५. खाते कोणाचे? – मेणवली दफ्तर :

खोपोलीत आजही पाहावयास मिळणारा तलाव व महादेवाचे मंदिर ही नाना फडणवीस यांनी केलेली कामे होत. घाट चढण्यापूर्वी पांथस्थांस पाणी मिळावे, अशी ही जागा आहे. नानांचा मृत्यू १८०० मध्ये झाला. त्यांचा तलाव खोपोलीत राहिला. त्यांचे कागद मात्र वाईजवळील मेणवली येथे, त्यांच्या वाड्यात राहिले.

हे कागद केवळ घरगुती नव्हते. पेशवाईतील राजकारणाची फार मोठी पत्रव्यवहारात्मक सामग्री त्यांत होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा सरकारी दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याचे हजारो रुमाल पुण्यात जपले गेले हे खरे. परंतु ते पाहण्याची मोकळीक खासगी संशोधकांना प्रदीर्घ काळ नव्हती. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले, म्हणजे पेशवाईच्या अस्तानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्याआधी द. ब. पारसनीस यांनी मेणवलीचे कागद मिळवून त्यांवर आधारलेले लेखन प्रसिद्ध केले होते. सरकारी दफ्तराचे दार बंद असताना कारभाऱ्याच्या घरचे दफ्तर उपयोगी पडले.

या उदाहरणातून दोन परस्परविरोधी बोध निघतात. खासगी घरात कागद राहिला म्हणून तो वाचला, हा पहिला बोध. राज्याचा कागद एका व्यक्तीच्या घरी राहिला म्हणून तो मिळणे वारसांच्या इच्छेवर अवलंबून राहिले, हा दुसरा. संस्थेचे काम एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक क्लाउड खात्यात साठविले जाते, तेव्हा हाच पेच नव्याने उभा राहतो.

६. मंत्रालयातील आग :

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि अनेक विभागांच्या नस्ती जळाल्या. पुढील काळात जळालेल्या नस्तींच्या पुनर्बांधणीचे काम शासनास हाती घ्यावे लागले. अशा कामात क्षेत्रीय कार्यालये, इतर विभाग व न्यायालये यांच्याकडील पत्रांच्या प्रती उपयोगी पडतात. परंतु नस्तीचा टिप्पणी भाग, म्हणजे निर्णय कोणी, कोणत्या विचाराने व कोणत्या हरकती डावलून घेतला याची नोंद, सामान्यतः एकाच ठिकाणी असते. रायगडाच्या दफ्तराबाबत जे घडले त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. या आगीनंतर राज्यात कागदविरहित कार्यालयाच्या कल्पनेस वेग आला आणि नोंदी संगणकीय साठवणुकीकडे वळल्या.

७. क्लाउड साठवणुकीत 'पुसणे' म्हणजे काय?

घरच्या संगणकात फाइल पुसली तरी तिचा मजकूर चकतीवर काही काळ शिल्लक असतो आणि विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने तो परत काढता येतो. क्लाउड साठवणुकीत हा मार्ग वापरकर्त्यास बंद असतो. कारण ती चकती त्याच्या हाती नसते. सेवादात्याने ठरविलेल्या नियमांच्या मर्यादेतच फाइल परत मिळते.

या नियमांचा पाया जुना आहे. गुगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या फाइल साठवण प्रणालीविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक भागाच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात, असे नमूद आहे. पुसलेली फाइल तत्काळ नष्ट न करता तिला पुसल्याची वेळ जोडून एक गुप्त नाव दिले जाते, तीन दिवसांपर्यंत ते नाव बदलून ती परत आणता येते आणि मुदत संपल्यावरच जागा मोकळी केली जाते, अशी तेथील योजना होती. कचरापेटीची आजची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे.

प्रत्येक सेवेची मुदत मात्र वेगळी आहे. गुगल ड्राइव्हमध्ये पूर्वी कचरापेटीतील फाइल वापरकर्ता स्वतः काढीपर्यंत राहत असे. १३ ऑक्टोबर २०२० पासून ती ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. संस्थेचे खाते असल्यास कचरापेटी रिकामी झाल्यानंतरही प्रशासकास २५ दिवसांपर्यंत ती परत आणता येते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ही मुदत ३० दिवस, तर संस्थात्मक खात्यात ९३ दिवस आहे. ड्रॉपबॉक्सच्या विनामूल्य खात्यात ती ३० दिवस आहे. कचरापेटीतही न सापडणारी फाइल अनेकदा पुसलेली नसून तिची जागा बदललेली असते किंवा तिच्यावर नवा मजकूर लिहिला गेलेला असतो. पहिल्या प्रसंगी फाइलच्या नावाने वा मालकाच्या नावाने शोध घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रसंगी जुन्या आवृत्तीकडे परत जावे लागते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. संगणक, भ्रमणध्वनी आणि क्लाउड या तिन्ही ठिकाणी फाइल दिसते म्हणून तिच्या तीन प्रती आहेत, असे मानले जाते. प्रत्यक्षात ही तिन्ही ठिकाणे एकमेकांशी जुळवून घेत असतात. एका ठिकाणी पुसलेली फाइल काही क्षणांत इतर ठिकाणांहूनही नाहीशी होते. देहूची वही बुडविताच तळेगावची व कडूसची वहीही आपोआप बुडावी, असा हा प्रकार आहे. म्हणून अशा जुळणीस स्वतंत्र प्रत म्हणता येत नाही.

८. चार आधुनिक घटना :

क्लाउड साठवणुकीचा इतिहास अल्प असला तरी त्यातील पुढील घटना बोलक्या आहेत.

(अ) २७ फेब्रुवारी २०११ रोजी आज्ञावलीतील एका दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरकर्त्यांच्या टपालपेट्या रिकाम्या झाल्या. अनेक केंद्रांत प्रती असूनही दोष सर्व प्रतींपर्यंत पोहोचला. अखेर टपाल परत आले ते जाळ्यापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून.

(आ) २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुगल ड्राइव्हच्या काही वापरकर्त्यांच्या संगणकांवरून क्लाउडकडे न पोहोचलेल्या फायली दिसेनाशा झाल्या. कंपनीने डिसेंबरमध्ये पुनर्प्राप्तीची सोय दिली. फाइल वर चढली आहे असे समजणे आणि ती खरोखर चढलेली असणे यांतील अंतर या घटनेने दाखविले.

(इ) मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गुगल क्लाउडवरील खासगी क्लाउड मांडणीतील चुकीमुळे पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांची व्यवस्था काही दिवस बंद पडली. दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रतींचा तेव्हा आधार झाला.

(ई) २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या क्लाउड साठवणुकीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याचे कारण देऊन त्याची बाहेरची प्रत ठेवली गेली नव्हती.

पहिल्या व तिसऱ्या घटनेत माहिती परत मिळाली, चौथीत मिळाली नाही. तंत्रज्ञान सर्वत्र प्रगतच होते. मूळ व्यवस्थेच्या अधिकारकक्षेबाहेर एक प्रत होती किंवा नव्हती, एवढाच भेद होता. रायगड व गाथा यांच्यातील भेदही हाच आहे.

९. शिळफाटा परिसर व महाविद्यालयीन अभिलेख :

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वस्ती दरडीखाली गाडली गेली. शोधकार्य थांबेपर्यंत २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. माणसांच्या हानीपुढे कागदांची हानी गौण होय; पण वाचलेल्यांच्या पुढील आयुष्यासाठी तीही लहान नसते. ज्या कागदांची मूळ नोंद सरकारी दफ्तरात असते, ते शिधापत्रिका, जातीचा दाखला, गुणपत्रिका असे कागद पुन्हा देता येतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेचा उपयोग अशा वेळी होतो. कारण तेथे कागद देणाऱ्या कार्यालयाची नोंदच आधारभूत असते. परंतु वाडीतील छायाचित्रे, घरोघरची गाणी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते. ती असलीच तर कोणा विद्यार्थ्याच्या प्रकल्पात वा प्राध्यापकाच्या क्षेत्रभेटीच्या ध्वनिमुद्रणात असण्याची शक्यता असते.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अध्यापन, हजेरी, प्रकल्प व मूल्यांकनाची कागदपत्रे झपाट्याने क्लाउडवर गेली. नॅकच्या मूल्यांकनासाठी पाच वर्षांचे पुरावे संगणकीय रूपात सादर करावे लागतात. असे साहित्य एखाद्या समन्वयकाच्या वैयक्तिक खात्यात साठविले गेले, तर त्याची बदली, निवृत्ती किंवा निधन झाल्यावर ते कोणाचे, हा मेणवलीचाच प्रश्न उभा राहतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवणूकही संपली असून जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेस मिळून मूलतः १०० टेराबाइटची मर्यादा आली. जागा अपुरी पडली की प्रथम जुने काढले जाते, आणि इतिहासाच्या दृष्टीने जुनेच अधिक मोलाचे असते. संस्थेने निवृत्त प्राध्यापकाचे खाते बंद केल्यास ते केवळ २० दिवसांपर्यंत परत आणता येते.

प्रत्येक पुसलेली नोंद परत आणलीच पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. वैयक्तिक माहिती पुसून घेण्याचा नागरिकाचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात मान्य झाला आहे. मुलाखत देणाऱ्या आदिवासी स्त्रीने आपले ध्वनिमुद्रण काढून टाकण्यास सांगितले तर ते खरोखर नष्ट झाले पाहिजे. म्हणून काय जपावयाचे व काय पुसावयाचे याचा निर्णय विचारपूर्वक व लेखी स्वरूपात व्हावयास हवा. कचरापेटीची मुदत हा निर्णय घेऊ शकत नाही.

१०. निष्कर्ष :

(१) नोंदीची पुनर्प्राप्ती मुख्यत्वे ती नष्ट होण्यापूर्वीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. राजवाड्यांचे परिश्रम असोत वा अभियंत्यांचे, जिची दुसरी प्रत कोठेच नव्हती ती नोंद परत आलेली नाही.

(२) दुसरी प्रत वेगळ्या जागी असणे पुरेसे नाही. ती वेगळ्या अधिकाराखाली असावी लागते. आपोआप जुळणारी प्रत ही स्वतंत्र प्रत नव्हे. महत्त्वाच्या साहित्याची एक प्रत क्लाउडपासून अलग असलेल्या साधनावर, दुसऱ्या इमारतीत ठेवणे आवश्यक आहे.

(३) संस्थेचे साहित्य संस्थेच्या खात्यात, पदाच्या नावाने असावे. सेवानिवृत्तीच्या वेळी ग्रंथालयाची पुस्तके परत घेतली जातात, त्याप्रमाणे फायलींचे हस्तांतरणही नोंदवहीत व्हावे.

(४) मुदत हा पुनर्प्राप्तीचा कणा आहे. फाइल नाहीशी झाल्याचे लक्षात येताच प्रथम शोध, मग कचरापेटी, मग जुनी आवृत्ती आणि मग प्रशासक या क्रमाने त्याच दिवशी प्रयत्न व्हावा. सत्राच्या अखेरीस लक्षात आलेली हानी बहुधा कायमची ठरते.

(५) परत मिळालेली फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहावी. गाथेच्या संपादकांनी घेतलेली ही काळजी संगणकीय नोंदींनाही लागू आहे.

खालापूर–कर्जत परिसराचा जुना इतिहास पुण्या-मुंबईच्या दफ्तरांतून गोळा करावा लागतो; कारण येथे तो जपण्याची व्यवस्था नव्हती. आजचा इतिहास येथील महाविद्यालयांतच लिहिला, मुद्रित केला व साठविला जात आहे. तो उद्याच्या अभ्यासकास मिळेल की नाही, हे दूर देशातील माहिती केंद्राइतकेच शिळफाट्यावरील एखाद्या विभागाच्या कपाटातील दुसऱ्या प्रतीवर अवलंबून राहणार आहे.